पंपघर धुतलं त्या दिवशी

नवरा रेल्वेत, त्याची बदली झाली म्हणून मी नागपूर सोडून जयपूरला आले, आणि रसायनशास्त्राची एम.एस्सी. पदरी होती म्हणून राजा पार्कच्या मागच्या गल्लीत पाणी तपासणाऱ्या एका खासगी लॅबमध्ये चिकटले. खाली मिठाईचं दुकान, वरच्या मजल्यावर आम्ही. खालून कचोऱ्या तळल्याचा वास वर यायचा आणि आमच्या ॲसिडची वाफ खाली जायची. मालकांना सगळे ‘सर’ म्हणत. गोड माणूस, कुणावर कधी आवाज चढवला नाही. सरकारी पाणीखात्याचं तपासणीचं काम त्यांनी ठेक्याने घेतलं होतं. म्हणजे ज्या खात्याने लोकांना पाजलेलं पाणी तपासायचं, तेच खातं आमचा पगार पोसणार. एवढं कळल्यावर शहाण्या माणसाने पुढचं ऐकूही नये. मी शहाणी नव्हते, आणि मला ते अजून गिळता आलेलं नाही, म्हणून सांगते आहे.

ज्या काकूंचं हे सांगते आहे, त्या माझ्या नात्यातल्या नव्हेत. काका रेल्वेत गार्ड होते, आमच्याच नागपूरकडचे. निवृत्तीनंतर ते गावी परतले नाहीत. शहराच्या दक्षिणेला, कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या पलीकडे एक नवी कॉलनी वसत होती, तिथे त्यांनी घर बांधलं. रेल्वेच्या एका कार्यक्रमात ओळख झाली आणि दर रविवारी आम्ही त्यांच्याकडे जायला लागलो. त्यांच्या दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती, आमच्याही. जास्त चौकशा कराव्या लागल्या नाहीत. काकूंच्या हातची पातोड्यांची भाजी खायची आणि हिंदी न मिसळता तासभर बोलायचं, यासाठी मी आठवडा ढकलत असे. माझा मुलगा घरी ‘मम्मी, मतलब मला भूक लागली’ असं बोलायला लागला होता. काकू त्याला दटावून ‘मतलब’ काढून टाकायला लावत.

त्या भागात नळाचं पाणी नव्हतं. धरणाचं पाणी येणार, येणार, अशी हाकाटी मी तिथे होते तितकी वर्षं ऐकली. कॉलनीला खात्याच्या एका बोअरवेलचं पाणी मिळे, आणि ती बोअर नेमकी काकूंच्या कुंपणाला लागून. सकाळ-संध्याकाळ पंप चालू करायला घर जवळ, म्हणून पंपघराची किल्ली काकूंकडे असे. आमच्या लोकांना याचा अर्थ फोडून सांगायला नको. काकूंच्या आजीला गावच्या विहिरीवर पाय ठेवायची बंदी होती. कुणाला दया येऊन त्याने वरून ओतलं तर घागर भरायची, नाहीतर उन्हात बसायचं. आणि इथे अख्ख्या कॉलनीचं पाणी काकूंच्या कमरेच्या किल्लीने सुटत होतं. कॉलनीतल्या बायकांना आमच्या आडनावांचा काही बोध होत नसे. “आप लोग महाराष्ट्र में कौन-सी बिरादरी हो?” असं कुणी विचारलं की काकू सांगत, “रेल्वेवाले.” मला हसू येई, त्यांना येत नसे.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. उन्हाळ्याची अखेर होती. काकूंची एकुलती एक मुलगी नागपूरला दिलेली, तिला दिवस गेले होते. सातवा लागला की पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायची, हे ठरलेलंच. काकूंनी जुन्या लुगड्यांच्या मऊ दुपट्यांची चळत शिवून ठेवली होती. डिंक, खारीक, अळीव डब्यांत भरून झालं होतं. एका रविवारी जेवताना त्यांनी माझ्यापुढे भाताचं पातेलंच ठेवलं.

“वास घेऊन पाह्य,” त्या म्हणाल्या. “दवाखान्यात शिरल्यासारखा वास येते का नाही? आठ-पंधरा दिवसांपासून होऊन राहिलं. कधी येते, कधी जाते. मी म्हणते माझंच नाक बिघडलं. आता पोरीले आणायचं. अशा पाण्यानं मी तान्ह्या जिवाले आंघोळ घालू का?”

मी वास घेतला. नाक बिघडलेलं नव्हतं. असा वास मला रोजच्या कामातून ठाऊक होता, फिनॉलचा.

फिनॉल हे डांबरातून, रंगांतून, औषधांच्या कारखान्यांतून सांडपाण्यात उतरतं आणि जमिनीत मुरतं. पिण्याच्या पाण्यात त्याला मुभा किती, तर लिटरामागे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. रोज पोटात जात राहिलं तर यकृताला आणि मूत्रपिंडाला बाधतं. शोधायलाही ते फार त्रास देतं. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घेतला, उन्हात राहू दिला, तर पाण्यातले जंतूच ते खाऊन टाकतात आणि लॅबमध्ये पाणी गंगेसारखं निर्मळ निघतं. म्हणून काचेची बाटली लागते, बोअरपाशीच त्यात ॲसिड टाकावं लागतं आणि बर्फात घालून आणावं लागतं. आमच्याकडे येणारे बहुतेक नमुने बिसलेरीच्या रिकाम्या बाटल्यांतून, खात्याच्या जीपमध्ये दिवसभर भाजून येत. मग आम्ही इमानदारीने लिहायचं, ‘आढळले नाही’. त्या शहरात फिनॉल क्वचितच आढळत असे.

मी पुढच्या रविवारी बर्फाचा डबा घेऊन गेले आणि पंपघरात जाऊन नमुना स्वतः घेतला. सोमवारी लॅबमध्ये त्याचं ऊर्ध्वपातन केलं, म्हणजे पाणी उकळून त्याची वाफ पुन्हा गार केली. फिनॉल वाफेबरोबर येतं, गाळ मागे राहतो. मग त्यात एकामागून एक द्रावणं घालायची. पाणी पिवळं राहिलं तर सुटलो. शेवटी क्लोरोफॉर्म टाकून हलवायचं. तो जड असतो, तळाशी बसतो आणि असेल नसेल तो रंग स्वतःत ओढून घेतो. शुद्ध पाण्याची तुलनेची नळी पिवळीच राहिली. काकूंच्या पाण्याचा तळ डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल झाला. मी सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. पुन्हा तोच लाल.

सरांनी नळी उजेडात धरून पाहिली, मान डोलावली आणि अगदी प्रेमाने म्हणाले, “मैडमजी, काम तो आपने बढ़िया किया. पर ये आपका प्राइवेट सैंपल है. विभाग उठाएगा, तभी माना जाएगा.”

नियम बरोबर होता, वाद घालायला जागाच नव्हती. नमुना खात्याने घ्यायला हवा होता. त्यासाठी कॉलनीची तक्रार लागते, आणि तक्रारीला कॉलनी तयार नव्हती. काका तर सगळ्यात आधी बिथरले. “पाणी खराब आहे म्हणून बोंब झाली तर या जागांना कुत्रं तरी विचारेल का?” ते म्हणाले. “आपण बाहेरचे. लोक म्हणतील, आले अन् वसाहत बुडवली.” काकूंनी त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या चार बायका जमवून खात्याच्या कचेरीत जाऊन बसल्या. मुलीचा सातवा तोंडावर आला होता, त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं. बोअर बंद व्हावी आणि बाळंतपण निभेपर्यंत खात्याने टँकर पाठवावा, एवढंच त्यांना हवं होतं. तीन खेपा झाल्या. तिथला इंजिनीअर सिव्हिल लाइन्समध्ये राहणारा, त्याला या कॉलनीचा रस्ताही माहीत नसावा. तरी बायकांच्या कटकटीला कंटाळून तो नमुन्यासाठी स्वतः यायला कबूल झाला. लॅबतर्फे मी असणार होते. मी काकूंना बजावलं, टाकीत काही टाकू नका, ब्लीचिंग पावडरसुद्धा नको, पाण्याला हात लावायचा नाही.

काकूंनी पाण्याला हात लावला नाही.

सकाळी मी इंजिनीअरच्या जीपमधून उतरले तर पंपघरासमोर रांगोळी होती आणि दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. काकू ठेवणीतली साडी नेसून दारात उभ्या होत्या. त्यांनी कुलूप काढलं आणि आतून काळ्या फिनाइलचा भपकारा आला. जमीन चकचकत होती. कोळिष्टकं गेली होती, मोटरीवरचं तेलाचं किटण खरवडून काढलं होतं, पाइपाचं तोंडही फडक्याने पुसलेलं दिसत होतं. काळ्या फिनाइलमध्ये फिनॉलच्याच जातीचं डांबराचं तेल असतं, म्हणजे जे शोधायला मी आले होते तेच.

इंजिनीअरने नाकाला रुमाल लावला. “ये क्या है? फिनाइल?”

“जी साब,” काकू म्हणाल्या. चेहरा नुसता फुलला होता. “सुबह उठके मैंनेच धोया. दो बार. आप लोग आने वाले थे ना.”

त्या फिनाइलचं कारण त्या आवारात फक्त मला कळलं. साहेब येणार, आणि किल्ली आपल्याकडे. आपल्या हाताखालच्या पाण्यापाशी कुणाला कणभर घाण दिसता कामा नये, कुणाला बोट दाखवायला जागा राहता कामा नये. दुसऱ्या कुठल्या बाईने फार तर झाडू मारला असता. काकूंनी भिंतींसकट घासलं. माझ्या आईनेही तेच केलं असतं. आमच्याकडे सवर्ण पाहुणा यायचा असला की ती पाण्याचा माठ राखेने इतका घासायची की तिची बोटं सोलून निघत.

मी पंप सुरू केला आणि पाणी सोडून दिलं. फरशीवरचं फिनाइल पांढरं होऊन गटारात वाहून गेलं, त्यानंतरही किती तरी वेळ मी पाणी चालूच ठेवलं. इंजिनीअर घड्याळ बघत होता. मग वरच्या व्हॉल्व्हपाशी, जिथे कुणाचं फडकं पोचणं शक्य नव्हतं, तिथे मी बाटली लावली, ॲसिड टाकलं आणि बर्फात ठेवली. इंजिनीअरने आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि काकूंनी दिलेलं सरबत न पिता तो निघून गेला.

लॅबमध्ये तळाचा रंग पुन्हा डाळिंबाचा आला. पहिल्या खेपेइतकाच, ना कमी, ना जास्त. मला खरोखर आनंद झाला, आज सांगायला लाज वाटते इतका. कारण यात शंकेला जागाच उरली नव्हती. पहिला नमुना घेतला तेव्हा पंपघरात फिनाइलचा थेंब नव्हता. काळ्या फिनाइलचा एवढासा अंश जरी बाटलीत गेला असता, तरी या खेपेचा रंग कितीतरी गडद यायला हवा होता. दोन्ही रंग सारखेच, म्हणजे जे होतं ते जमिनीखालून येत होतं. हे समजायला एम.एस्सी. लागत नाही. मी सरांना दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून दाखवले.

सरांनी ते पाहिले. त्यांनाही कळलं होतं, त्याबद्दल मला शंका नाही. तेही याच विषयाचे पदवीधर.

“पर वहाँ फिनाइल तो था ना, मैडमजी?”

“फरशीवर होतं, सर. पाण्यात नव्हतं.”

“साहब ने अपनी आँखों से देखा है. उन्होंने लिख भी दिया.” त्यांनी माझ्यासाठी खालून चहा मागवला. “अब आप और हम क्या कर सकते हैं?”

मी पुन्हा नमुना घ्या म्हटलं. सर म्हणाले, खात्याने सांगितलं तर घेऊ. मी खात्यात गेले. इंजिनीअरने मला बसवून घेतलं आणि समजावून सांगितलं, की फिनाइलने धुतलेल्या जागी फिनॉल निघणारच, हे तर मुलांच्या पुस्तकात असतं. मी दोन आकड्यांचं सांगू लागले. त्याने हात जोडले. अहवालात लिहून आलं, नमुना घेताना पंपघरात फिनाइलचा वापर आढळला, सबब निष्कर्ष ग्राह्य नाही. बोअर चालू राहिली. कारखान्यांकडे कुणी फिरकलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे मी ऐकून होते. इथे संन्याशाने आधीच सुळी घासून पुसून ठेवली होती.

मग पावसाळा लागला आणि त्या वासाने चक्क दडी मारली. येणं-जाणं त्याचं आधीपासूनच चाललं होतं, पण आता सगळ्यांना कारण सापडलं. कॉलनीची बैठक भरली. वास फिनाइलचाच होता, महाराष्ट्रवाली बाई पहिल्यापासून तेच ओतत असणार, असं एकीने म्हटलं आणि बाकीच्यांनी धरून ठेवलं. ज्या बायका कचेरीत काकूंबरोबर बसल्या होत्या, त्यांनीही. “पता नहीं कौन लोग हैं,” असंही कुणी म्हणालं. हे मला काकांनी सांगितलं, तेही बायकोवर चिडून. “हात दाखवून अवलक्षण केलं हिनं. कोणी सांगितलं होतं धुवाले?” पंपघराची किल्ली काढून दोन गल्ल्या पलीकडच्या किराणावाल्याकडे दिली गेली. काकूंनी ती स्वतः नेऊन दिली, कुणी मागायला यायच्या आधीच.

मी गेले तेव्हा त्या दुपट्याला टाके घालत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “माह्याच हातानं झालं न बाई सगळं. तुले उगाच तरास.”

मी सरळ सांगितलं. सांगावं की नाही याचा विचारही केला नाही, इतकी मी पेटलेली होते.

“काकू, तुमच्या फिनाइलनं काही झालं नाही.”

सुई थांबली. “पहिली बाटली नेली तू, तवा फिनाइल होतं का?”

“नव्हतं.”

“तरी लाल?”

“तरी लाल. आणि दुसऱ्या वेळी तेवढंच लाल. पाणीच खराब आहे.”

त्यांनी सुई दुपट्यात खोचून ठेवली. मला वाटलं, आता यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. मी तेवढ्यासाठीच सांगितलं होतं.

“मंग मले कायले सांगतं?” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण तो माझ्यावरचा राग होता. “मी फिनाइल टाकलं, मी मूर्ख, असं म्हणून पाणी पेत होती मी. आता कोणतं पिऊ? दुसरा नळ आहे का इथं?”

विकतच्या पाण्याचे मोठे जार पिण्यापुरते पुरले असते. बाळंतिणीची न्हाणी, बाळाचे लंगोट, दोन वेळचा स्वयंपाक, याला टँकर लागतो, आणि काका टँकरचं नावही काढू देत नव्हते. अख्खी कॉलनी पिते ते पाणी आपल्याला चालत नाही, असं ते कुणाला दाखवणार? मी म्हटलं, बाळंतपण आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये करा. काकू क्षीण हसल्या. माहेर सोडून शेजारणीच्या घरी बाळंतपण, असं मुलीच्या सासरी सांगायचं म्हणजे मग पाण्याचं सांगायचं, आणि पाण्याचं सांगितलं की ‘पाणी चांगलं आहे’ म्हणत आलेले काका खोटे पडणार.

फोन दिवाणखान्यात होता. काकूंनी तो माझ्यासमोरच लावला. काका पेपर घेऊन समोरच्या खुर्चीत बसले होते आणि पेपर वाचत नव्हते.

“माहे गुडघे धरले गं,” काकू म्हणाल्या. “उठणं-बसणं होत नाही. तुहं अन् बाळाचं मले झेपायचं नाही. तिकडंच कर यावेळेस.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. काकूंनी एकवार काकांकडे पाहिलं.

“नाही नाही. तो वास तर केव्हाचाच गेला. पाणी चांगलं आहे.”

नंतर त्या बराच वेळ नुसत्या ऐकत होत्या. मुलगी रडत असावी, कारण काकू मध्येच “अगं पण” म्हणत आणि थांबत. फोन ठेवून त्या उठल्या आणि अगदी ठणठणीत गुडघ्यांनी स्वयंपाकघरात गेल्या. माझ्यापुढे ताट वाढलं. मी जेवले. त्याच पाण्यात शिजलेलं होतं, पण उठून जाण्याची माझी हिंमत नव्हती.

बाळंतपण सासरी झालं, मुलगी झाली. दुपटी पार्सलने गेली. आमची बदली भोपाळला झाली तेव्हाही ती बोअर चालूच होती. मी लॅब सोडताना सरांनी खालून मिठाईचा डबा आणून दिला आणि म्हणाले, तुमच्यासारखा हात पुन्हा मिळणार नाही. तो डबा मी गाडीत एका अनोळखी बाईला दिला.

तीन-चार वर्षांनी नागपूरला एका लग्नात काकूंची मुलगी भेटली. काकू वर्षभरापूर्वी गेल्याचं तिच्याकडूनच कळलं. कशाने, ते विचारायला माझी जीभ रेटली नाही. तिची लेक आमच्याभोवती पळत होती. बोलता बोलता ती म्हणाली, “सासरी मला अजून ऐकवतात, पहिल्या बाळंतपणालासुद्धा आईनं नेलं नाही म्हणून. गुडघे दुखत होते म्हणे. आणि त्याच्या आधी महिनाभर कॉलनीतल्या बायका घेऊन कचेऱ्यांचे जिने चढत होती, बाबांनीच सांगितलं. मी तेव्हापासून तिच्याशी कामापुरतीच बोलले.”

मी तिचा हात धरला. म्हटलं, गुडघ्यांचं काही नव्हतं गं, तिथल्या पाण्यात विष होतं, मी स्वतः दोनदा तपासलं होतं, तुझ्यासाठी तिने...

तिने हात हळूच सोडवून घेतला. माझी कीव आल्यासारखं ती माझ्याकडे पाहत होती.

“ताई, तुम्ही चांगल्या मनानं सांगता आहात,” ती म्हणाली. “पण मी तिला त्या दिवशी फोनवर सरळ विचारलं होतं, पाण्यामुळे नको म्हणतेस का. ती नाही म्हणाली. माझी आई कशीही असली तरी खोटं कधी बोलत नव्हती.”